शक्ती चारही चाकांना, पण वाटणी कोणत्या नियमाने?

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा सहापदरी मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहता झाला. वर्धा जिल्ह्याचा त्याच्याशी परिचय मात्र जुना आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हापासून सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतील गावांना ताशी १२० किलोमीटर वेगाची वाहने रोज दृष्टीस पडू लागली. येळाकेळी किंवा विरुळ येथून महामार्गावर चढणारी मोटार काही सेकंदांत त्या वेगाला पोहोचते; आणि तीच मोटार पावसाळ्यात मालकाच्या शेताकडे वळली, की काळ्या मातीच्या पांदणीत रुतून बसते. एकाच जिल्ह्यात, एकाच वाहनाकडून इतक्या टोकाच्या दोन अपेक्षा केल्या जात असल्यामुळे ‘ऑल व्हील ड्राइव्ह’, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणाऱ्या मोटारींविषयी येथे कुतूहल वाढावे, यात नवल नाही. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि मोठ्या मोटारींवरील जो भार उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जात असे, तो ४० टक्क्यांवर आला. पूर्वी आवाक्याबाहेर असलेली काही वाहने त्यामुळे निदान विचाराच्या टप्प्यात आली.

अशा वेळी विक्री दालनात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘चारही चाकांना शक्ती आहे, म्हणून गाडी अधिक सुरक्षित आहे.’ हे वाक्य तपासून पाहण्याची वर्धेकरांना इतरांपेक्षा अधिक गरज आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये या जिल्ह्यातील अनेक जण होते. त्या दुर्घटनेचा चालन-यंत्रणेशी काही संबंध नव्हता. परंतु त्यानंतर या महामार्गाच्या संदर्भात ‘सुरक्षित’ हा शब्द येथे कोणी सहजपणे ऐकत नाही, आणि म्हणूनच तो सहजपणे वापरलाही जाऊ नये.

मुळात चार चाकांना शक्ती देणे ही एक गोष्ट आहे आणि ती शक्ती कोणत्या नियमाने वाटणे ही दुसरी. पहिली गोष्ट मोटारीच्या पाठीवरील बिल्ल्यावर लिहिलेली असते. दुसरी बहुधा कोठेच लिहिलेली नसते.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची दोन्ही चाके आसावर आपापल्या गतीने फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी कापते आणि कोणाचे काही बिघडत नाही. कारण चाके गाडीला ओढत नाहीत, ओढतात ते बैल. मोटारीत मात्र चाकांनाच जोर लावायचा असतो. दोन्ही चाके एकाच दांड्याने जखडली तर वळणावर त्यातील एकाला घसरत जावे लागेल. यावर तोडगा म्हणून डिफरन्शियल आले. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोहोंना सारखाच देते. गोम येथेच आहे. एक चाक चिखलात असेल, तर त्याला फिरवायला फारसा जोर लागत नाही. आणि त्याला जेवढा जोर मिळतो, तेवढाच दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरील चाकाला मिळतो. परिणामी एक चाक गरगर फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. पांदणीत फसलेल्या मोटारीचे हे दृश्य ज्याने पाहिले नाही, असा माणूस या जिल्ह्यात सापडणे कठीण.

चार चाकांच्या वाहनात हाच प्रश्न तिसऱ्यांदा उद्भवतो. पुढच्या दोन चाकांमध्ये एक, मागच्या दोन चाकांमध्ये एक आणि पुढचा आस व मागचा आस यांच्यामध्ये तिसरा. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यामुळे दोन्ही आसांची गतीही वेगळी असते. या तिसऱ्या ठिकाणी काय बसवले आहे, यावरून चारचाक-चालनाच्या यंत्रणांचे प्रकार पडतात.

सर्वांत साधे उत्तर म्हणजे तेथे काहीच न बसवणे. फोर व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर असाच असतो. खटका टाकला की पुढचा आस मागच्याशी जखडला जातो, आणि पुढची चाके मागच्यापेक्षा किंचित, साधारण एक ते पाच टक्के, अधिक वेगाने ओढतील अशी दात्यांची योजना केलेली असते. ओल्या काळ्या जमिनीत हे वरदान ठरते; कारण माती चाकाला घसरू देते आणि गतीतील फरक त्या घसरण्यात जिरून जातो. डांबरी रस्त्यावर मात्र तो जिरायला जागा नसते. पुढचे टायर झिजतात, दात्यांवर ताण येतो. म्हणूनच शेतातून बाहेर पडून रस्त्याला लागताच ट्रॅक्टरचालक न सांगता खटका काढतो. यंत्रशास्त्राचा हा धडा त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेला नाही. जिप्सी, थार, जुनी सफारी या वाहनांची फोर व्हील ड्राइव्ह याच जातकुळीची आहे. पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारामुळे जिप्सी या जिल्ह्याच्या चांगल्या परिचयाची. परंतु समृद्धीच्या कोरड्या काँक्रीटवर हा खटका टाकून १२० च्या वेगाने जाणे म्हणजे यंत्राशी वैर पत्करणे होय. अशा वाहनांची ‘फोर बाय फोर’ ही शक्ती महामार्गावर अस्तित्वातच नसते. तेथे ती दोन चाकांवरच धावतात.

वेगवान मोटारींत चारचाक-चालन आले तेही एका लष्करी जीपच्या मागोमाग. फोक्सवॅगनची इल्टिस ही जीप फिनलंडच्या बर्फावर आपल्याहून कितीतरी शक्तिशाली मोटारींना मागे टाकते, हे ऑडीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाहिले आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘क्वाट्रो’ उभी राहिली. त्याआधी १९६६ मध्ये ब्रिटनच्या जेन्सन एफएफ या मोटारीने हा प्रयोग केला होता, पण त्या जेमतेम तीनशेच्या घरात बनल्या. क्वाट्रोने रॅलीचे विश्वच बदलून टाकले. १९८१ साली मिशेल मूतों यांनी सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९८२ आणि १९८४ चे उत्पादकांचे अजिंक्यपद ऑडीकडे गेले. ऑडीची युक्ती तिसऱ्या ठिकाणीच होती. दोन आसांच्या मध्ये तिने आणखी एक डिफरन्शियल बसवले होते आणि गरज पडल्यास ते जखडता येत असे. त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही चारही चाके कायम ओढत राहिली.

पुढे हे जखडणे चालकाच्या हातून काढून दात्यांकडे सोपवण्यात आले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑडीने ‘टॉर्सन’ हे डिफरन्शियल स्वीकारले. त्यातील मळसूत्री दात्यांची रचना अशी असते, की एक आस घसरू लागताच घर्षणाने ते आपोआप आवळले जाते आणि ज्या आसाला पकड आहे तिकडे अधिक जोर जातो. यात संगणक नाही, पंप नाही, विलंब नाही. घसरणे सुरू झाल्यावर नव्हे, तर ते सुरू होताना वाटणी बदललेली असते. २००५ च्या सुमारास आलेल्या आरएस ४ मध्ये मूळ वाटणी पुढे ४० आणि मागे ६० अशी ठेवण्यात आली, जेणेकरून वळणातून बाहेर पडताना मोटार नाक बाहेर काढत सरळ न धावता मागच्या चाकांच्या जोरावर वळेल. टॉर्सनला एक मर्यादा आहे. कमी पकड असलेल्या बाजूला जेवढा जोर पेलतो, त्याच्या काही पट जोर ते दुसरीकडे देते. एक आस पूर्ण अधांतरी झाला, तर शून्याची कितीही पट शून्यच. तेव्हा ब्रेक लावून खोटा विरोध निर्माण करावा लागतो, आणि आधुनिक मोटारी तसे करतातही.

दुसरी मोठी शाखा क्लचची. इंजिन आडवे बसवलेल्या मोटारीत पुढची चाके नेहमी ओढतात आणि मागच्या आसाकडे जाणाऱ्या दांड्याच्या शेवटी अनेक चकत्यांचा, तेलात बुडालेला क्लच असतो. संगणकाने तो दाबला की मागची चाके कामाला लागतात, सोडला की ती नुसती फिरतात. ‘हॅल्डेक्स’ या स्वीडिश कंपनीच्या नावाने ही रचना ओळखली जाते. पहिल्या पिढीत पुढचे चाक थोडे घसरल्याशिवाय मागचे जागे होत नसे. नंतर विजेचा पंप आला आणि संगणक ॲक्सिलरेटरवरील पायाचा दाब पाहून आधीच क्लच आवळू लागला. इंधन वाचते, वजन कमी होते, किंमतही. पण मूळ गाडी पुढच्या चाकांचीच राहते.

जाहिरातीत अशा यंत्रणेबद्दल ‘५०:५० पर्यंत वाटणी’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. क्लच पूर्ण आवळला, की दोन्ही आसांची गती समान होते. जोर समान होतो असे नाही. जोर जिकडे पकड असेल तिकडे जातो. म्हणजे हा आकडा हमीचा नसून मर्यादेचा आहे, आणि निवांत चाललेल्या मोटारीत प्रत्यक्ष वाटणी बहुतेक वेळ पुढच्या चाकांकडेच झुकलेली असते.

हा भेद जर्मनीत किंवा जपानमध्ये जाऊन शोधण्याची आवश्यकता नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे ऑडीच्या मोटारींची जुळणी होते. तेथे जुळणी झालेल्या क्यू ७ मध्ये दोन आसांच्या मध्ये ४०:६० वाटणीचे यांत्रिक डिफरन्शियल आहे. तेथेच जुळणी झालेल्या क्यू ३ मध्ये इंजिन आडवे आणि मागे क्लच आहे. दोहोंच्या पाठीवर नाव एकच, ‘क्वाट्रो’. चाकणला मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात तर हे उदाहरण अधिकच बोलके ठरले. भारतात जुळणी झालेली पहिली एएमजी मोटार, जीएलसी ४३ कूपे, नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली. तिच्यात जोराची वाटणी दात्यांनीच ठरवलेली होती, पुढे ३१ आणि मागे ६९. काही महिन्यांनी, २०२१ मध्ये, त्याच चाकणहून ए ३५ आली. तिची पुढची चाके मुख्य होती आणि मागे फार तर निम्मा वाटा जाऊ शके. दोघींवर ‘फोर-मॅटिक’ हेच नाव होते आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला दोघींना पाच सेकंदांहून किंचित कमी वेळ लागत असे. सरळ रस्त्यावर घड्याळ लावून पाहणाऱ्याला दोघींत फरक दिसला नसता. ओल्या वळणावर मध्येच ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला मात्र तो तत्काळ दिसला असता: एकीची मागची बाजू वळणाला हातभार लावते, दुसरीचे नाक आधी बाहेर जाऊ पाहते आणि मग संगणक तिला सावरतो. असा फरक ग्राहकाला नावावरून कळत नसेल, तर ते नाव माहिती देण्यासाठी नाही, विक्रीसाठी आहे, असेच म्हणावे लागेल.

याच दोन तत्त्वांची उलटसुलट जुळवाजुळव जगभर झाली. निस्सानच्या १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरने क्लचची रचना उलटी केली. मागची चाके कायम ओढती आणि पुढची गरजेपुरती. बीएमडब्ल्यूच्या २०१७ च्या एम ५ मध्ये तर चालकाला पुढची चाके पूर्णपणे मोकळी सोडता येऊ लागली. मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनने मागच्या डाव्या-उजव्या चाकांतील वाटणीही बदलायला घेतली, वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक जोर. हे खरे टॉर्क-नियमन. आज पुष्कळशा मोटारींत ‘टॉर्क व्हेक्टरिंग’ या नावाखाली आतल्या चाकाला हलकासा ब्रेक लावला जातो. परिणाम थोडाफार तसाच, किंमत पुष्कळ कमी, आणि ब्रेकच्या गरम होण्याला सीमा आहे हे सांगितले जात नाही.

या सर्व दात्यांना आणि चकत्यांना विजेच्या मोटारींनी बाजूला सारले. जून २०२५ मध्ये टाटा मोटर्सने आणलेल्या हॅरियर ईव्हीच्या दोन मोटरच्या आवृत्तीत पुढे १५८ आणि मागे २३८ अश्वशक्तीची मोटर आहे. एकत्रित टॉर्क ५०४ न्यूटन मीटर, आणि १०० चा वेग ६.३ सेकंदांत, असा कंपनीचा दावा आहे. पुण्यात घडलेल्या आणि सर्वसाधारण मराठी कुटुंब ज्या नावाकडे विश्वासाने पाहते अशा वाहनात ही गती येणे, हा मोठाच बदल होय. येथे पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये दांडाच नाही. दोन्ही मोटरना किती प्रवाह द्यायचा, हे संगणक क्षणार्धात ठरवतो, आणि वीज ही तेलाच्या दाबापेक्षा किंवा चकत्यांच्या आवळण्यापेक्षा फार चपळ आहे. परंतु याचीही एक किंमत आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. दांड्याने जोडलेल्या मोटारीत एका आसाची पकड गेली, तर इंजिनाची जवळजवळ सर्व शक्ती दुसरीकडे वळवता येते. दोन स्वतंत्र मोटर असतील, तर प्रत्येक आसाला आपल्या मोटरपुरतेच बळ. पुढची चाके अधांतरी असताना पुढच्या मोटरचे १५८ अश्व मागे धावून येत नाहीत. शिवाय एका आसावर एकच मोटर असेल, तर डाव्या-उजव्या चाकांचा जुना प्रश्न तसाच राहतो, आणि तो सोडवायला पुन्हा डिफरन्शियल किंवा ब्रेकच लागतो. क्रोएशियाच्या रिमॅक नेव्हेराप्रमाणे प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर देणे हा पूर्ण उपाय. तो आज सामान्यांच्या आवाक्यापासून फार दूर आहे.

आता मूळ वाक्याकडे वळू. गाडी अधिक सुरक्षित होते काय?

टायरची रस्त्यावरील पकड ही मर्यादित पुंजी आहे. त्यातूनच वेग घ्यायचा, त्यातूनच वळायचे आणि त्यातूनच थांबायचे. चारही चाकांना शक्ती दिल्यामुळे ही पुंजी वाढत नाही. वेग घेण्याचा खर्च दोन चाकांऐवजी चौघांवर विभागला जातो, इतकेच. एक साधा हिशेब करून पाहावा. ओल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर पुरेशी शक्ती असलेली चारचाक-चालनाची मोटार तत्त्वतः पावणेसहा सेकंदांत १०० चा वेग गाठू शकते. निम्मे वजन ओढत्या चाकांवर असलेल्या दोनचाक-चालनाच्या मोटारीला सुमारे सव्वाअकरा सेकंद लागतील. निम्म्याचा फरक. आता त्याच ओल्या रस्त्यावर १२० च्या वेगातून थांबायचे आहे. ब्रेक सर्वच मोटारींना चारही चाकांवर असतात. अंतर दोघींनाही सारखेच लागते, सुमारे ११३ मीटर. आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात कापलेले ३३ मीटर धरले, तर १४६. कोरड्या रस्त्यावर, गुणांक ०.८ धरून, हेच अंतर १०४ मीटरच्या आसपास येते.

म्हणजे चारचाक-चालनाची मोटार ओल्या रस्त्यावर निसरडेपणाची जाणीव होऊ न देता वेग घेते, आणि थांबताना मात्र इतर कोणत्याही मोटारीइतकीच असहाय असते. दोनचाक-चालनाची मोटार निघतानाच चाक घसरवून चालकाला सावध करते. ही सूचना नाहीशी होणे हा या यंत्रणेचा सर्वांत गंभीर दोष आहे, आणि तो तिच्या उत्कृष्टतेतूनच जन्माला आलेला आहे. वळणातून बाहेर पडताना, घाटात, चिखलात, चढणीवर तिचा लाभ निर्विवाद आहे. समृद्धीचा वर्धा जिल्ह्यातील भाग मात्र बव्हंशी सरळ आणि सपाट. तेथे पुढे अचानक उभा दिसणारा ट्रक, पहाटेची गुंगी आणि फुटणारा टायर हे धोके आहेत. त्यांपैकी एकावरही शक्तीच्या वाटणीचा उतारा चालत नाही.

टायरचा विषय निघालाच आहे, तर परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरची वाहने परत पाठवण्यास सुरुवात केली, याची येथे नोंद घेतली पाहिजे. झिजेची खूण टायरच्या खाचांमध्येच असते, १.६ मिलीमीटर उंचीचे उंचवटे, ज्यांच्या पातळीला नक्षी आली की टायर संपला. साचलेल्या पाण्यात हीच नक्षी पाणी बाहेर फेकते. ती नसेल तर टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि तरंगणाऱ्या चार चाकांमध्ये वाटणी ४०:६० असो की ३१:६९, सर्व सारखेच.

पांदणीचा प्रश्न याहून वेगळा. तेथे वाटणी खरोखरच कामी येते, पण वेगासाठी बनवलेल्या मोटारीची रुंद, कमी उंचीची टायर काळ्या चिखलात गुळगुळीत गोळे होतात आणि पोट जमिनीला टेकते. क्लच सतत आवळत-सोडत राहिल्याने तापतो. तापला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा मागच्या चाकांची शक्ती तोडते. मग भर चिखलात उरते ती पुढच्या चाकांची मोटार.

अशी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या वर्धेकराने दालनात बिल्ल्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. दोन आसांच्या मध्ये डिफरन्शियल आहे, क्लच आहे की काहीच नाही? कोरड्या रस्त्यावर नेहमीची वाटणी किती? आणि क्लचचे तेल किती किलोमीटरला बदलायचे? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी खर्चाचा आहे. हे तेल इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळे असते आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते सहज विसरले जाते. ट्रॅक्टर घेताना शेतकरी अश्वशक्ती, दात्यांची रचना, टायरचे माप यांची खोदून चौकशी करतो. त्याच्या कितीतरी पट किमतीची मोटार घेताना तोच माणूस संकोचतो, आणि कंपन्यांना हा संकोच सोयीचा आहे. इंजिनाची शक्ती आणि इंधनाची बचत जशी माहितीपत्रकात आकड्यांत दिली जाते, तशी शक्तीची वाटणीही द्यावी, ही मागणी अवास्तव नाही.

आणखी एक व्यवहाराची बाब. अशा मोटारीचा एक टायर फुटला, तर त्या जागी एकच नवा टायर घालून चालत नाही. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या घेरात फरक असतो. दोन्ही आसांची गती त्यामुळे सरळ रस्त्यावरही कायम वेगळी राहते आणि मधले डिफरन्शियल किंवा क्लच विनाकारण राबत, तापत राहतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असावे लागतात. चार टायरचा हा हिशेब मोटार घेण्यापूर्वीच मांडलेला बरा.